१६५० चा दर आणि १५१० फूट

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत संध्याकाळपर्यंत क्वचितच एखाद्या घरावर धड कौलं राहिली. आमची मागची पडवी बसली, माजघरावरचे वासे निखळले. पुढचे तीन पावसाळे पत्रे आणि ताडपत्रीवर काढले. मी डोंबिवलीत, आई गावी. शेवटी ठरवलं, माझा पीएफ आणि आईच्या नावची ठेव मोडायची आणि नवीन घर बांधायचं. एकूण २० लाख, त्यातले दोन लाख अडीअडचणीला बाजूला.

जागा वडिलोपार्जित, गावठाणातली. रुंदी २२ फूट, लांबी ८५. म्हणजे पावणेदोन गुंठ्यांनाही थोडी कमीच. दोन्ही बाजूंना चुलत्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मागे परडं आणि विहीर, पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट. टेम्पो खालच्या रस्त्यापर्यंतच येतो, तिथून ३०० फूट सगळं डोक्यावरून. अशा जागेत बांधकाम म्हटलं की ठेकेदार एक तर नको म्हणतो, नाहीतर दर चढा सांगतो. दोघांनी २१०० रुपये फूट सांगितले होते. तिसरा आला तो १६५० म्हणाला. मामेभावाच्या ओळखीतला, शेजारच्या तालुक्यातला. बोलायला इतका गोड की आईने पहिल्याच भेटीत त्याला सोलकढी पाजली.

"काका, तुम्ही मुंबईत निवांत राहा. परवानगी, पाणी, लाइट, सगळं माझ्याकडं लागलं."

मोबाइलवर त्याने थ्रीडी चित्र दाखवलं. १६ फूट रुंद, ४५ फूट लांब घर, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळे. खाली ७२०, वर अर्ध्या भागावर ३६०, मिळून १०८० फूट. १०८० गुणिले १६५०, म्हणजे १७ लाख ८२ हजार. २१०० वाल्यांकडे हेच घर २२ लाख ६८ हजारांना पडलं असतं. पावणेपाच लाख वाचले म्हणून मी खूश. जानेवारी २०२३ मध्ये शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दीड पानाचा करार झाला. त्यात एक ओळ होती, "मोजमाप स्लॅबप्रमाणे धरले जाईल." मी ती वाचली होती. न वाचता सही केली असं म्हणायची सोय नाही. वाचली, आणि स्लॅब म्हणजे घरच की, असं मनाशी म्हणून सही केली.

पहिला दणका जोतं झाल्यावर, पण तो पैशाचा नव्हता. चित्रात आईच्या खोलीची रुंदी १२ फूट होती, बाजूने तीन फुटांचा बोळ. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती कंबरेएवढ्या आल्या तेव्हा शिमग्याला गेलो होतो. टेप लावला तर १० फूट साडेचार इंच भरत होते, तेही गिलावा धरून. त्याने चित्रात सगळ्या भिंती चार इंची काढल्या होत्या. आपल्याकडे बाहेरची भिंत चिऱ्याची असते आणि चिरा नऊ इंच. आतून-बाहेरून गिलावा केला की साडेदहा इंच होते. दोन बाहेरच्या आणि मधली एक अशा तीन भिंती धरल्या तर साडेएकतीस इंच गेले. ६० फूट रुंद जागेत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. १६ फुटांत येतं. साडेसहा फुटांचा पलंग आडवा टाकून समोर दोन फुटांचं कपाट ठेवलं की मध्ये दोन फूटही उरत नाहीत. आईचे गुडघे बघता तिला तिथून आडवं चालावं लागलं असतं. विचारलं तर म्हणाला, "चित्र म्हणजे कल्पना असते हो काका."

तरी मी पैसे देत राहिलो. करारात हप्ते असे होते: सहीच्या वेळी २० टक्के, जोत्याला ३०, स्लॅबच्या आधी ३०, उरलेले २० शेवटी. कागदावर बरं दिसतं. पण जोत्यापर्यंत निम्मे पैसे गेलेले असतात आणि काम पाव भागही नसतं. त्याचे पैसे नेहमी कामाच्या पुढे आणि माझं घर पैशाच्या मागे, हे गणित पहिल्या दिवसापासून होतं. दरावर घासाघीस करताना मी पाच रुपयांसाठी अर्धा तास घालवला, हप्त्यांवर पाच मिनिटंही नाही.

स्लॅबच्या आधी नवीन टूम निघाली. भाव वाढले, तेव्हा "रेती तेवढी तुम्ही घ्या, नंतर वळती करतो." रेतीवाला अर्थात त्याचाच. टेम्पोमागे दोन ब्रासचे पैसे. चुलत भाऊ सुट्टीवर होता, त्याला काय वाटलं कोण जाणे, तिसऱ्या टेम्पोला तो टेप घेऊन वर चढला. हौदा दहा फूट लांब, सहा रुंद, रेती अडीच फूट. गुणाकार १५०. ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे दीड ब्रास. आधीच्या दोन खेपांचंही तसंच झालं असणार. टेम्पोवाला म्हणाला, "वाटेत दबते." बरं, दबते तर दबते, म्हणून भावाने चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि थुंकला. खारट. खाडीची रेती, न धुता. असल्या रेतीतलं मीठ आतल्या सळईला गंज आणतं, आणि गंज फुगला की दहा-बारा वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडू लागतात. तो टेम्पो परत पाठवला. आधीच्या दोन खेपा मात्र चिऱ्यांच्या सांध्यांत आणि खांबांत जाऊन बसल्या होत्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात खालचा स्लॅब टाकून झाला. तोवर माझे सव्वाचौदा लाख गेले होते. त्यानंतर आठ दिवसांनी त्याने पूर्ण घराचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो इथे जसाच्या तसा देतो. खालचा स्लॅब चारी बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढलेला, म्हणून १९ गुणिले ४८, ९१२ फूट. वरचा त्याच पद्धतीने ४८४. जिना दोन्ही मजल्यांवर धरलेला, जादा ६४. पुढचा ओटा ५०. एकूण १५१०. गुणिले १६५०, म्हणजे २४ लाख ९१ हजार ५००. शिवाय रस्त्यापासून चिरे वाहून आणल्याचे एक लाख ४० हजार वेगळे, कारण "जागा अडचणीची आहे."

कोकणात छज्जा, म्हणजे भिंतीबाहेर काढलेला स्लॅब, हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. इथला पाऊस भिंतीवर आडवा येतो, आणि पागोळ्या शेजाऱ्याच्या गडग्यात पडायला नकोत म्हणून तो किती काढायचा हेही मोजूनमापून ठरवावं लागतं. पण छज्ज्याला पूर्ण दर लावायचा? नंतर ज्या इंजिनिअर बाईंना दाखवलं त्या म्हणाल्या, आधी ठरवून घेतलं असेल तर निम्मा धरतात, पुष्कळ ठिकाणी धरतही नाहीत. "ठरवून घेतलं असेल तर" यातच सगळं आलं. २१०० वाल्यांपैकी एकाचा कागद मी जपून ठेवला होता. त्यात बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजमाप आणि डोक्यावरची वाहतूक धरून दर, असं स्वच्छ लिहिलं होतं. महाग वाटलेला माणूस वाहतूक धरून साडेतीन लाखांहून जास्त स्वस्त होता.

मी उरलेले पैसे अडवले. त्याने माणसं काढून नेली. ७ जूनपासून फोन बंद. परवानगीसाठी ४५ हजार रोख दिले होते, त्याचा अर्जसुद्धा कुठे दाखल नव्हता. आमची जागा खाडीपासून बरीच लांब म्हणून सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं, लचांड तरी नव्हतं. (ते अंतर भरती रेषेपासून मोजतात, दुपारी ओहोटीला पाणी कुठे दिसतं तिथपासून नाही. वाडीतल्या दोघांना हे चौथरा बांधून झाल्यावर कळलं.)

गणपतीला गेलो तेव्हा स्लॅबवर खांबांच्या सळया उघड्या उभ्या होत्या, पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने विटकरी झालेल्या, खाली स्लॅबवर तांबडे ओघळ. कोपऱ्यात ताडपत्रीखाली सिमेंटच्या ११ गोणी. एकीला पाय लावला तर पायालाच लागलं, दगड झाली होती. गोणीवर आठवडा आणि साल छापलेलं असतं, ते पाहिलं. आणली तेव्हाच ती चार महिन्यांची होती.

इंजिनिअर बाईंनी झालेल्या कामाची किंमत साडेआठ लाख काढली. वकिलाकडे गेलो. आपल्याच जागेत एक घर बांधून घ्यायचं असेल तर रेराचा, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचा, उपयोग नाही, तो प्रकल्पांसाठी. ग्राहक आयोगात मात्र जाता येतं, घरबांधणी ही सेवा धरतात, पण दोन वर्षांच्या आत. पुरावा काय, तर बँकेतून गेलेले १२ लाख. रोख दिलेल्या सव्वादोन लाखांची आणि त्या ४५ हजारांची एकही पावती नाही. तारखा चालू आहेत.

गेल्या दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू केलंय. वरचा मजला रद्द. गावातलाच मेस्त्री, मजुरी वेगळी, माल माझा, शनिवारी झालेलं काम मोजून रविवारी पैसे. स्वयंपाकघर मागे परड्याकडे वाढवायचं होतं, तर मेस्त्रीने आधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून नऊ इंचांच्या दुहेरी रेषांनी भिंती आखल्या आणि आईला म्हणाला, "आजी, आत येऊन बसा जरा." आईने प्लास्टिकची खुर्ची ठेवली, ओट्याच्या जागी सूप मांडलं, दोनदा उठून वळून पाहिलं आणि म्हणाली, विळी घेऊन खाली बसले तर मागून कोण जाणार? मेस्त्रीने पायाने एक रेष पुसली आणि दीड फूट मागे नवीन ओढली.