दोन वायरलेस लाईन आणि एक राउटर: टीपी-लिंक ईआर६०५ गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कसा चालतो

सत्तरीत बसून वर्क फ्रॉम होम करायचं तर एका नेटवर भागत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या छपरावर केबलवाल्याची ५ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक आहे आणि बाजूला ५जीचं कनेक्शन. ५ गिगाहर्ट्झला नुसता पाऊस फारसा अडवत नाही, पण मधे उभे असलेले माड-फणस भिजले की सिग्नल बसलाच म्हणून समजा. ५जीचं रडगाणं संध्याकाळचं, आणि चवथीला तर विचारूच नका, अख्खा गाव घरी आणि टॉवर एकच.

म्हणून दोन्ही लाईनी एकदम जोडता येणारा हा राउटर घेतला. यात वायफाय नाही हं, जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (म्हणजे नुसतं वायफाय देणारा) करून पुढे जोडायचा.

दोन लाईनींच्या स्पीडची बेरीज होते असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एक कनेक्शन एकाच लाईनीवरून जातं, त्यामुळे घरात चौघं एकदम नेट वापरत असतील तर फरक कळतो, एकट्याने मोठी फाईल ओढली तर पहिल्यासारखंच. खरं बाँडिंग, म्हणजे दोन्ही लाईनींची खरीखुरी बेरीज, पाहिजे तर पलीकडे सर्व्हर लागतो, स्पीडिफायसारखी सर्व्हिस घ्यायची, त्याचे पैसे वेगळे.

सेटिंगमध्ये अ‍ॅप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग चालू ठेवा, त्याने एका कामाची सगळी कनेक्शनं एकाच लाईनीवर राहतात, नाहीतर मधेच आयपी (नेटवरचा आपला पत्ता) बदलला म्हणून नेटबँकिंग बाहेर फेकतं.

सगळ्यात कामाची गोष्ट ऑनलाइन डिटेक्शन, म्हणजे लाईनीवर नेट खरंच चालू आहे का ते तपासणं. रेडिओ केबलवाल्याच्या टॉवरपर्यंत मस्त जोडलेला असतो, पोर्टचा दिवा चालू, आणि पुढे फायबर तुटलेली, मग नुसता दिवा बघून राउटरला काय कळणार, म्हणून मॅन्युअल करून गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग (उत्तर येतंय का बघणारा छोटा संदेश) लावलं, आता लाईन मेली की तो स्वतःच दुसरीवर जातो. चालू मीटिंग जरा अडकते आणि परत जोडली जाते, ऑफिसचं व्हीपीएन मात्र बरेचदा पुन्हा लावावं लागतं. कामाचा लॅपटॉप मी पॉलिसी राउटिंगने (कुठलं यंत्र कुठल्या लाईनीवर जाईल ते ठरवणारी सेटिंग) रेडिओवर बांधलाय, टीव्ही आणि पोरांचे मोबाइल ५जीवर. तिथे लाईन पडल्यावर दुसरी वापरायचा पर्याय आहे, तो टिक करायला विसरू नका.

इन्व्हर्टरवर राउटरसोबत रेडिओला नेटच्या केबलमधून वीज देणारा पीओई अडॅप्टरपण घ्या, लाईट गेल्यावर तोच बंद पडला तर कसली लाईन बदलणार! आणि सीसीटीव्ही बाहेरून पोर्ट फॉरवर्डिंगने (बाहेरची विनंती राउटरने थेट कॅमेऱ्याकडे पाठवणं) बघायचा असेल तर ५जीवर आशा ठेवू नका, मोबाइल नेट बहुतेक सीजीनॅटमागे असतं, म्हणजे एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आणि बाहेरून थेट आत येता येत नाही, केबलवाल्याकडेच पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा स्वतःचा पत्ता) मागा.