जिम्नीला दोन इंची लिफ्ट: दहा महिने, ११,४०० किलोमीटर आणि एक फाटलेला बुश

समोर टेबलावर एक रबरी बुश ठेवून हे लिहितोय. मुठीत मावेल एवढाच आहे. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मधे रबर. ते रबर अर्ध्या घेरापर्यंत उसवलंय. चाकांचा ॲक्सल गाडीच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला आर्म म्हणतात. पुढच्या डाव्या आर्मचा, चासीकडच्या टोकाचा हा बुश. लिफ्ट, म्हणजे गाडीची बॉडी उंच करणारं स्प्रिंग-शॉकअपचं किट, बसवून दहा महिने झाले. स्प्रिंग ठणठणीत आहेत, शॉकअप कोरडे आहेत, कुठे तेलाचा थेंब नाही. गेला तो एवढा बुश. तो का गेला हे कळायला तीन आठवडे, कोल्हापूरच्या दोन फेऱ्या आणि कडाक्याचं एक भांडण लागलं. पाचव्या महिन्यात मी किटचं कौतुक लिहून ठेवलं होतं. ते बाजूला ठेवून आता पहिल्यापासून लिहितो.

गाडी मॅन्युअल मारुती जिम्नी, दोन वर्षांची. आम्ही राहतो रत्नागिरीत आणि आंबा-काजूची बाग आहे राजापूर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. डांबरी रस्ता सोडला की पावणेदोन किलोमीटर तांबड्या मातीचा रस्ता. त्यावरून चिरेखाणीचे ट्रक जातात. पावसाळ्यात त्यांच्या चाकांनी चाकोऱ्या वीतभर खोल जातात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. शेवटी सड्यावर चढताना कातळाची एक पायरी आहे, तिच्यावर गाडीचं पोट टेकायचं. दर पावसाळ्यात खालून तो घासल्याचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा. लिफ्ट घेतली ती या दोन जागांसाठी, दिसण्यासाठी नव्हे.

किट दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटरचं. चार स्प्रिंग, चार लांब शॉकअप, बंप स्टॉपचे जोड, लांब ब्रेक होज. किट ६८ हजार, मजुरी ९ हजार. ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बाजूला सरकू न देणारे आडवे दांडे, वेगळ्या पैशांचे होते, ते मी घेतले नाहीत. लिफ्टनंतर ॲक्सल एका बाजूला सहा मिलिमीटर सरकलाय. मापून पाहिलं आणि सोडून दिलं, त्याचा त्रास आजवर झालेला नाही. सोबत २१५/७५ आर १५ टायर टाकले. किट आणि दुकान, दोन्हींची नावं लिहीत नाही. किटमध्ये दोष नाही, आणि दुकानाशी माझं जे झालं ते त्यांना तोंडावर सांगून झालंय.

किट गेल्या ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर कोल्हापूरच्या दुकानात बसवून घेतलं आणि त्याच संध्याकाळी परत निघालो. मलकापूरपर्यंत खूश होतो. आंबा घाट उतरायला लागलो आणि घाम फुटला. वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवं, ते येईना. वळवलं तिथेच राहायचं, हातानं ओढून आणावं लागायचं. साखरप्याच्या पुढे सरळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगात गाडी होडीसारखी डावी-उजवी करत होती. हँडल डावीकडे तिरकं होतं ते वेगळंच, त्यापायी ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा दोनदा लागला. तो भाग सोपा निघाला. लिफ्टनं ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो, लिंक थोडी फिरवून हँडल सरळ केलं की झालं.

पण हे भरकटणं गेलं नाही. दुकानात फोन केला तर म्हणाले, "सर, गाडी उंच झाली की असं वाटतंच. टायरपण मोठे आहेत. सवय होईल."

मला सवय लावून घ्यायची नव्हती. रत्नागिरीत अलाइनमेंट करून प्रिंट घेतली. कॅस्टर डावीकडे ०.९ अंश, उजवीकडे १.१. अलाइनमेंटवाला म्हणाला, यात टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) सोडून काही हलवता येत नाही, सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर. त्याचं बरोबर होतं.

कॅस्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण लिफ्टच्या जाहिरातीत हा शब्द कुठेच नसतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. हात सोडूनही सायकल सरळ जाते, त्यात या कलाची मदत असते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल दिलेला असतो. जिम्नीत पुढचा ॲक्सल दोन आर्मना दोन-दोन बोल्टनी पक्का धरलेला आहे, आणि आर्मचं मागचं टोक चासीला एका बुशवर फिरतं. स्प्रिंग लांब झाली की ॲक्सल चासीपासून खाली जातो, आर्म तिरका होतो आणि त्याच्यासोबत अख्खा ॲक्सल पुढच्या बाजूला कलंडतो. म्हणजे कॅस्टर कमी होतो. उंची वाढवली की हा कल जाणारच. दोन इंचांची लिफ्ट विकणाऱ्याला हे माहीत असतंच आणि त्यावरचा उपायही त्याच्याच कपाटात असतो. तो उपाय किटमध्ये धरला तर किंमत वाढते, म्हणून तो आधी सांगत नाहीत. याची चीड मला आजही आहे. घाट रोज उतरणाऱ्या माणसाला स्टिअरिंग सरळ न येणारी गाडी हातात देणं मला मान्य नाही.

उपाय म्हणजे कॅस्टर बुश. आर्मच्या ॲक्सलकडच्या टोकाला दोन्ही बाजू मिळून चार बुश असतात. ते काढून मधलं भोक एका बाजूला सरकवलेले बुश प्रेसवर दाबून बसवायचे. दिशा चुकली तर कॅस्टर वाढण्याऐवजी आणखी घटतो, त्यामुळे खुणा पाहूनच दाबावे लागतात. डिसेंबरात त्याच दुकानात जाऊन बसवले. साडेसहा हजार बुशचे, अडीच हजार मजुरी. नवीन प्रिंट ३.२ आणि ३.४.

परतीचा आंबा घाट मी मुद्दाम दोनदा उतरलो. खाली येऊन गाडी वळवली, वर गेलो आणि पुन्हा उतरलो. स्टिअरिंग हातातून सुटतं आणि आपलं आपण सरळ येतं, एवढ्या साध्या गोष्टीनं इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. कौतुकाचा मजकूर लिहिला तो त्यानंतरच्या महिन्यांत. त्यात मी ७७ हजार सार्थकी लागल्याचं लिहिलं होतं. खरं तर तेव्हा खर्च ८६ हजार झालेला होता आणि सार्थकी लागले होते ते शेवटचे नऊ.

मे महिन्यात आंबा उतरवताना रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि माझं मत पहिल्यांदा बदललं. कातळाच्या पायरीवर लिफ्टनं खरंच काम केलं. पोट टेकत नाही, पुढचा बंपर लागत नाही. पण चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर डिफरेन्शियलचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गिअरच्या पेटीचा, गोळा पूर्वीइतकाच घासत होता. खाली वाकून टेप लावला तेव्हा उलगडा झाला. सॉलिड ॲक्सल चाकांच्या मधोमध बसतो. स्प्रिंगनं बॉडी वर जाते, ॲक्सल नाही. कंपनीनं दिलेला २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स त्या गोळ्याखाली लिफ्टनं एक मिलिमीटरही वाढत नाही. तिथे वाढ होते ती फक्त टायरनं. १९५/८० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६९३ मिलिमीटर, माझ्या २१५/७५ चा सुमारे ७०४. वाढ अकरा मिलिमीटर, आणि ॲक्सल वर जाणार त्याच्या निम्मा. म्हणजे टायरच्या खर्चातून मला साडेपाच मिलिमीटर मिळाले.

बाबांच्या एमएम ५४० ला पाटे होते. उंची हवी तर पाटा वाढवायचे, शॅकल बदलायचे. त्या जीपचाही ॲक्सल सॉलिडच होता आणि तिचाही गोळा इथेच घासायचा. मी लहानपणापासून तो आवाज ऐकत आलोय, तरी पैसे देताना ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. शेवटी मेच्या अखेरीस दोन ट्रॉली डबर आणून चाकोऱ्या भरून घेतल्या आणि उंचवटा कुदळीनं उतरवला. दोन माणसं, एक दिवस. यंदाच्या जुलैत डिफरेन्शियल एकदाही घासलेलं नाही.

आता बुश. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रेक दाबला की डावीकडून टक असा एकच आवाज येऊ लागला. मग गतिरोधकावरही. दुकानात नेली. त्यांनी गाडी वर उचलून घेतली, पट्टीनं आर्म हलवून पाहिला आणि निदान केलं, "बुश फाटलाय सर, तुमचा रस्ताच तसला आहे." नव्या बुशचे आणि मजुरीचे पैसे मागितले. मी म्हटलं, दोन वर्षांत फाटला नाही तो तुमचा हात लागल्यावर सात महिन्यांत कसा फाटला? पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा तेच उत्तर. आवाज चढले. बुशचे पैसे त्यांनी सोडले नाहीत आणि मी काम करू दिलं नाही.

रत्नागिरीत एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. बाबांची जीप त्यांच्याच हातची. त्यांनी बुशकडे पाहिलंही नाही, आधी विचारलं, "हे बोल्ट आवळले तेव्हा गाडी खाली होती का टांगलेली?"

डिसेंबरात कॅस्टर बुश बसवले तेव्हा टांगलेलीच होती. मी समोर उभा होतो. चारी चाकं हवेत लोंबत होती आणि पोरगं खालून गनने बोल्ट आवळत होतं.

चाचांनी सांगितलं ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. या बुशात रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी चासीच्या ब्रॅकेटमध्ये जाम होते, आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबराची आरामाची जागा ठरतो. गाडी टांगलेली असेल तर आर्म खाली लोंबलेला असतो. मग गाडी जमिनीवर आली की रबर पिळलेल्या अवस्थेतच बसतं. गाडी उभी असतानाही पिळलेलं, रात्री अंगणातही पिळलेलं. खड्डा आला की त्यावर आणखी पीळ. ते फाटणारच. ॲक्सलकडचे कॅस्टर बुश शाबूत राहिले, कारण तिथे दोन बोल्ट असल्यानं आर्म गिरकी घेत नाही. सगळा पीळ चासीकडच्या एकट्या बुशवर आला. ऑक्टोबरात तर लिफ्ट बसवताना हे बोल्ट कुणी सैलही केले नव्हते, म्हणजे तेव्हापासूनच तो बुश जुन्या उंचीच्या कोनात अडकून नव्या उंचीवर पिळला जात होता.

बरोबर पद्धत अशी: बोल्ट हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून हलवायची म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी बसतात, आणि मग जमिनीवरच टॉर्क रेंचनं, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्यानं, आवळायचे. चाचांनी दोन्ही आर्मना नवे बुश टाकून तसं केलं. पॅनहार्ड रॉडचेही बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. मजुरी हजार रुपये. कोल्हापूरच्या दुकानाला यासाठी अर्धा तास जास्त लागला असता.

आणि मग पुन्हा मत बदलावं लागलं. मी दहा महिने सांगत होतो की या किटची स्प्रिंग कडक आहे, मागे आंब्याच्या पेट्या असल्या तरच गाडी मऊ चालते. नवे बुश जमिनीवर आवळल्यापासून पुढची बाजू रिकाम्या गाडीतही मऊ झालीय. पिळलेलं रबर इतके दिवस स्प्रिंगचं काम करत होतं. मी हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप नियमित घेतो. पुढची उंची लिफ्टच्या दिवशी मूळ मापापेक्षा ५८ मिलिमीटर जास्त होती, पाच महिन्यांनी ५२ आणि आता ४७. ते शेवटचे पाच मिलिमीटर स्प्रिंगचे नव्हतेच, पिळाचे होते. स्प्रिंगला विनाकारण दोष दिला.

बाकीचं थोडक्यात. ॲव्हरेज १४.२ वरून १२.९ वर आलं. आईला चढायला त्रास होतो. तिचे गुडघे दुखतात आणि दोन इंच तिच्यासाठी फार आहेत. सुताराकडून फणसाच्या लाकडाचा ठोकळा करून घेतलाय, तो मागच्या सीटखाली राहतो. लिफ्ट ठरवताना मी चाकोरी मोजली होती, आईचं पाऊल मोजलं नव्हतं, याचं वाईट वाटतं.

कायद्याचं माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं. सस्पेन्शनवरची वॉरंटी मी सोडून दिली आहे. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी बदल लेखी कळवलेत आणि त्याची पोच गाडीच्या कागदांत ठेवलीय.

मागच्या आर्मचे बोल्ट अजून राहिलेत. तेही ऑक्टोबरापासून जुन्याच कोनात आवळलेले आहेत. खाऱ्या हवेनं बोल्ट नळीत धरलेत, चाचांनी जोर लावला नाही, तुटला तर आर्म कापावा लागेल म्हणाले. दर दोन दिवसांनी गंज सोडवायचं तेल मारतोय. गणपती झाले की गाडी पुन्हा त्यांच्याकडे जाईल. मागची मापं वहीत लिहून ठेवली आहेत: डावी ४९, उजवी ५०.