लिनक्सवरचा बायसन-फ्लेक्स प्रोजेक्ट व्हिज्युअल सी++ वर नेताना: कोणता मार्ग निवडावा?

जीसीसी या कंपायलरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार बिल्ड होणारा प्रोजेक्ट. त्यात बायसनची एक ग्रामर फाइल आणि फ्लेक्सची एक लेक्सर फाइल. फ्लेक्सचा लेक्सर मजकुराचे शब्द, म्हणजे टोकनं, पाडतो; बायसनचा पार्सर ती टोकनं ग्रामरच्या नियमांनुसार जुळवतो. आता तोच प्रोजेक्ट विंडोजवर व्हिज्युअल सी++ ने बिल्ड करून द्यायचाय. सॉकेट, थ्रेड, फाइलचे पाथ यांचं काय करायचं ते सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. अडतं ते पार्सरपाशी, कारण पुढे चार-पाच रस्ते दिसतात आणि प्रत्येकाची शिफारस करणारं कोणीतरी भेटतंच.

आधी दोन कामं वेगळी करू. एक, जनरेटर, म्हणजे बायसन आणि फ्लेक्स, स्वतः विंडोजवर चालवणं. दोन, जनरेटरने काढलेला सी किंवा सी++ कोड नव्या कंपायलरच्या गळी उतरवणं. टीमचा वेळ बहुतेक वेळा पहिल्यात जातो आणि खरा त्रास दुसऱ्यात निघतो. पहिलं काम इतरांनी आधीच करून ठेवलंय, ते पुन्हा करू नका, हे माझं ठाम मत आहे.

बायसन स्वतःच व्हिज्युअल सी++ ने बिल्ड करणं

हा रस्ता सोडून द्या. बायसन पार्सरचा कोड थेट लिहीत नाही. ग्रामरवरून तक्ते तयार करतो आणि मग एम४ हा मॅक्रो प्रोसेसर वेगळी प्रोसेस म्हणून चालवून स्केलेटन फाइलमधून, म्हणजे कोडच्या साच्यातून, शेवटचा कोड काढतो. म्हणजे बायसन पोर्ट करायचा तर एम४ ही पोर्ट करायचा, दोघांमधले पाइप सांभाळायचे, वर ग्नूलिब ही पोर्टेबिलिटीची लायब्ररी आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट. फ्लेक्सची गोष्ट आणखी अवघड: तो फोर्क करून, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून, फिल्टरांची साखळी उभी करतो, आणि विंडोजला फोर्क नाही. शिकण्यासाठी करायचं असेल तर जरूर करा. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असताना नको.

एमसिस २ की विनफ्लेक्सबायसन

खरी निवड बहुतेकांसाठी या दोघांत आहे.

एमसिस २ विंडोजवर पॉझिक्ससारखं, म्हणजे युनिक्सच्या वळणाचं, वातावरण देतं. त्यात पॅकमन या पॅकेज मॅनेजरने बायसन, फ्लेक्स आणि एम४ मिळतात, आणि ते लिनक्सवरच्यासारखेच चालतात, कारण फोर्कची नक्कल त्याची डीएलएल करते. ती डीएलएल आपल्या प्रोग्रॅमला चिकटेल का, अशी शंका लोक विचारतात. नाही. डीएलएल लागते ती जनरेटरला. त्याने काढलेली सी फाइल साधी सी फाइल असते आणि ती खुशाल मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला द्यावी. तुमच्या बिल्डमध्ये आधीपासून शेल स्क्रिप्ट, सेड, ऑक असं बरंच काही असेल तर एमसिस २ घ्या, सगळंच एका ठिकाणी मिळतं. सिगविन या अशाच दुसऱ्या वातावरणाबद्दलही हेच म्हणता येईल, पण नव्याने सुरुवात करताना सिगविन निवडायचं कारण मला दिसत नाही.

विनफ्लेक्सबायसन म्हणजे याच दोन साधनांचं विंडोजसाठी केलेलं पोर्ट. एम४ आतच बसवलेला, त्यामुळे शेल लागत नाही. झिप उलगडली की झालं. व्हिज्युअल स्टुडिओसाठी कस्टम बिल्ड रूलच्या फाइल सोबत येतात. सीमेक या बिल्ड साधनाचे बायसन आणि फ्लेक्स शोधणारे मॉड्यूल विन_बायसन आणि विन_फ्लेक्स ही नावंही ओळखतात, म्हणजे तुमच्या सीमेक फाइलला हात लावावा लागत नाही. एक काळजी मात्र घ्या. फक्त दोन एक्झी उचलून रेपोत टाकल्या तर पहिल्याच रनला एम४शुगर ही त्याची मॅक्रोंची फाइल उघडता येत नाही म्हणून बायसन थांबेल. डेटा नावाचं फोल्डर एक्झीच्या शेजारीच असावं लागतं.

टीममधली बाकी मंडळी व्हिज्युअल स्टुडिओतूनच काम करत असतील, तर मी विनफ्लेक्सबायसनच घेईन. नव्या माणसाच्या मशीनवर दहा मिनिटांत बिल्ड उभा राहतो.

ग्नूविन३२ या विंडोजसाठीच्या जुन्या संचातला बायसन अजून शोधात वर येतो, तो घेऊ नका. तो २.४.१ वर थांबलाय, आणि पाथमध्ये स्पेस असलेल्या फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्येच, तो बिघडतो अशी सूचना पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विंडोज दस्तऐवजात कित्येक वर्षं छापलेली होती.

काढलेला कोड: इथे वेळ राखून ठेवा

जनरेटर कोणताही निवडा, पुढचं सगळं तुमच्या वाट्याला येणारच.

पहिली अडचण फ्लेक्सची. त्याचा कोड युनिस्टीडी हे युनिक्सचं हेडर मागतो आणि इनपुट फाइल आहे की टर्मिनल हे पाहायला इझअटीटीवाय हे फंक्शन बोलावतो. हेडर व्हिज्युअल सी++ कडे नाही. विनफ्लेक्समध्ये यासाठी विनकॉम्पॅट नावाचा स्विच आहे, तो युनिस्टीडीऐवजी विंडोजचं आयओ हेडर घालतो. मला मात्र दुसरा उपाय जास्त पटतो: लेक्सर फाइलमध्येच नोयुनिस्टीडी आणि नेव्हर-इंटरॅक्टिव्ह हे दोन ऑप्शन लिहून टाकायचे. मग कुठल्याही मशीनवरचा फ्लेक्स दोन्ही कंपायलरला चालणारा कोड काढतो आणि स्विच द्यायला कोणी विसरलं तरी काही बिघडत नाही. तुमचा प्रोग्रॅम कीबोर्डवरून ओळीमागून ओळ वाचत असेल, तर मात्र नेव्हर-इंटरॅक्टिव्ह नको. बफर भरेपर्यंत तो उत्तरच देणार नाही. सोबत नोवायवायरॅप हा ऑप्शनही घाला, म्हणजे फ्लेक्सची लायब्ररी लिंक करायची गरज संपते.

दुसरी अडचण टोकनांच्या नावांची. एसक्यूएलसारखी भाषा पार्स करत असाल तर डिलीट, इन, आउट, एरर अशी कॅपिटल अक्षरांतली टोकनं असणारच. विंडोजच्या मुख्य हेडरमधून याच नावांचे मॅक्रो येतात. टोकनांचा इनम त्या हेडरनंतर आला की डिलीटच्या जागी एक हेक्स आकडा बसतो आणि कंपायलर भलत्याच ओळीवर सिंटॅक्स एरर दाखवतो. पोस्टग्रेसच्या ग्रामरमध्ये अशा टोकनांच्या शेवटी अंडरस्कोर आणि पी लावलेला दिसेल. बायसन ३.० पासून एपीआय.टोकन.प्रीफिक्स ही सोय आहे: ग्रामरमध्ये नाव तेच राहतं, कोडमध्ये त्याच्या आधी तुम्ही दिलेला, उदाहरणार्थ टीओके_, प्रीफिक्स लागतो. तिचा वापर करा. फक्त टीममध्ये मॅकवाले असतील तर त्यांना होमब्रूचा बायसन घ्यायला सांगा, कारण मॅकसोबत येणारा बायसन अजून २.३ आहे आणि त्याला हे कळत नाही.

तिसरी अडचण सी++ वाल्यांची, आणि ती सगळ्यात जास्त चकवते. बायसनचा सी++ स्केलेटन मूव्ह वापरायचं की कॉपी, हे सीप्लसप्लस मॅक्रोची किंमत २०११०३ किंवा त्यापुढे आहे का ते पाहून ठरवतो. व्हिज्युअल सी++ कितीही नवं असलं, सी++१७ चालू असलं, तरी हा मॅक्रो मुळात १९९७११ च सांगतो. मग स्केलेटनला वाटतं आपण सी++९८ मध्ये आहोत. ग्रामरमध्ये व्हेरिएंट (किमती सी++ च्या ऑब्जेक्टमध्येच ठेवण्याची सोय) आणि त्यात कॉपी न होणारे युनिक पॉइंटर असतील तर हटवलेल्या कॉपी कन्स्ट्रक्टरच्या पानभर एरर येतात आणि माणूस ग्रामरमध्ये चूक शोधत बसतो. चूक तिथे नसते. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या १५.७ आवृत्तीपासून झेडसी:__सीप्लसप्लस हा कंपायलर स्विच आहे, तो द्या.

ओळीच्या शेवटाकडेही पाहा. इनपुट फाइल बायनरी मोडमध्ये उघडत असाल तर कॅरेज रिटर्न थेट लेक्सरपर्यंत पोचतो. मोकळ्या जागेच्या नियमात फक्त स्पेस आणि टॅब असतील तर तो उरलंसुरलं पकडणाऱ्या शेवटच्या नियमात जाऊन पडतो.

काढलेल्या फाइल रेपोतच ठेवणं

हा पर्याय लोक कमी लेखतात. लिनक्सवर बायसन-फ्लेक्स चालवायचे, निघालेल्या फाइल गिटमध्ये टाकायच्या आणि विंडोजवर फक्त कंपाइल करायचं. विंडोजवर जनरेटर लागतच नाही. सीमेकचा स्वतःचा सोर्स असाच आहे. तिथल्या ग्रामर फाइलच्या डोक्यावर फाइल कशी काढायची ती कमांडही लिहिलेली असते. सीपायथॉन, म्हणजे पायथॉनचा मुख्य इंटरप्रीटर, हाही काढलेला पार्सर रेपोत ठेवतो.

ग्रामर वर्षातून दोनदा बदलत असेल तर मी हेच करेन. रोज बदलत असेल तर नको. एका नियमाच्या बदलाने तक्त्यांच्या शेकडो ओळी हलतात, दोन ब्रँच जुळवताना हाताने मर्ज करणं अशक्य होतं, आणि दोघांकडे बायसनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या की विनाकारण डिफ येतात. पोस्टग्रेसने उलट दिशा धरली: आवृत्ती १६ पर्यंतच्या टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्यात, काढलेल्या फाइल मिळायच्या, २०२४ च्या १७ पासून मिळत नाहीत, आता बायसन आणि फ्लेक्स मशीनवर हवेतच.

जनरेटरच बदलायचा असेल तर

बर्कली याक हा बायसनसारखाच पार्सर जनरेटर. तो छोटा आहे, एम४ मागत नाही, स्केलेटन त्याच्या आतच असतो. ग्रामर जुन्या याकच्या वळणाचं, साध्या सी मधलं असेल तर तो फारशी कुरकुर न करता चालतो. आधी ग्रामर फाइलच्या सुरुवातीच्या ओळी वाचा. तिथे सी++ चा स्केलेटन, व्हेरिएंट किंवा जीएलआर (संदिग्ध ग्रामरही हाताळणारा) पार्सर मागितला असेल तर बर्कली याकचा विषय तिथेच संपला.

लेमन हा एसक्यूलाइट या डेटाबेसचा पार्सर जनरेटर. एक सी फाइल, एक टेम्प्लेट, दोन्ही पब्लिक डोमेनमध्ये. पोर्टिंग म्हणाल तर एका कमांडचं काम: ती फाइल तुमच्याच कंपायलरने कंपाइल करा आणि बिल्डमध्येच चालवा. काढलेला पार्सर ग्लोबल व्हेरिएबलवर चालत नाही आणि लेक्सर पार्सरला बोलावतो, पार्सर लेक्सरला नाही. हे दोन्ही मला मनापासून आवडतं. पण ग्रामर पुन्हा लिहावं लागतं. नियमातल्या पहिल्या घटकाची किंमत दाखवणाऱ्या डॉलर-एकच्या जागी नावं येतात आणि नियमाच्या मध्ये ॲक्शन, म्हणजे चालवायचा कोड, लिहिता येत नाही, तिथे वेगळा रिकामा नियम काढावा लागतो. लेक्सरचं काय करायचं तेही तुम्हीच ठरवायचं. एसक्यूलाइटने तो हाताने लिहिलाय.

म्हणून पाच-सहाशे नियमांचं चालू ग्रामर केवळ विंडोजसाठी लेमनवर नेऊ नका. नवी छोटी भाषा लिहायला घेत असाल आणि ती चार वेगवेगळ्या कंपायलरवर बिल्ड व्हायची असेल, तर लेमनपासूनच सुरुवात करा.