ब्रॉयलरचं एकदिवसीय पिल्लू: वाढीला पैकीच्या पैकी, उन्हाळ्यात काठावर पास

सांगली-साताऱ्यात करारावर कोंबडी करणाऱ्याला पिल्लाची जात निवडायची फारशी मुभा नसते. कंपनी देईल ते उतरवून घ्यायचं. तरी ‘कॉब बरं की रॉस?’ हा प्रश्न सुटत नाही. भारतात मुख्यतः व्हेनकॉब ४३० वाय आणि रॉस ३०८ एपी ही दोन नावं चालतात. आमचं मत सरळ आहे: या दोघांतल्या फरकापेक्षा चांगल्या आणि वाईट ब्रूडिंगमधला, म्हणजे पहिल्या दिवसांत पिल्लांना ऊब देऊन सांभाळण्यातला, फरक मोठा असतो.

आधी पिल्लाच्या जमेची बाजू. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानं १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या जाती एकत्र, एकाच खाद्यावर वाढवल्या. ५६ व्या दिवशी वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच होतं, त्यामुळं हा फरक जातीचा. ब्रॉयलर हार्मोनच्या इंजेक्शननं फुगवतात, अशा गप्पा मारणाऱ्यांना हे आकडे दाखवावेत. आजचं पिल्लू नीट सांभाळलं तर ३५ दिवसांत दोन किलोच्या वर जातं.

पिल्लू उतरवताना काय बघायचं? वजन ४० ग्रॅमच्या पुढं, बेंबी सुकलेली, पाय चकचकीत. ३५-३६ ग्रॅमची पिल्लं आली तर ती बहुधा कोवळ्या मादीच्या अंड्यातली असतात. ती वाईट नसतात, पण त्यांना पहिले दिवस एखादा अंश जास्त ऊब लागते. शेडच्या जमिनीवर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरून पिल्लं यायच्या आधीच तापवून ठेवा. पिल्लाच्या पातळीवर ३२-३४ अंश हवेत. हवा गरम आणि तूस गार असेल तर पिल्लू पायाकडून गारठतं आणि खायला उठत नाही. चोवीस तासांनी रात्री पाच-पन्नास पिल्लांचे गळे बोटानं चाचपा. शंभरातल्या पंचाण्णवांचे भरलेले आणि मऊ लागले पाहिजेत. कडक लागले तर खाद्य मिळालंय, पाणी मिळालेलं नाही. सातव्या दिवशी वजन उतरवलेल्या वजनाच्या चौपटीच्या वर हवं. इथं मागं पडलेली बॅच पुढं औषधांनी भरून निघत नाही.

एफसीआरचा, म्हणजे एक किलो वजनामागं किती किलो खाद्य लागलं याचा, हिशोब असा. पाच हजार पक्षी, दोन किलो सरासरी. एफसीआर ०.०५ नं वाढला की ५०० किलो खाद्य जादा गेलं, म्हणजे पन्नास किलोच्या दहा गोण्या. फीडर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला न टांगल्यानं एवढं खाद्य तुसात सांडू शकतं, आणि दोष मात्र पिल्लाला लागतो.

आता कमकुवत बाजू. जत, आटपाडी, माणमध्ये एप्रिल-मे महिन्यांत हे पिल्लू मार खातं. झपाट्यानं वाढणारं शरीर आतून उष्णताही तेवढीच काढतं, आणि कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकते, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि पक्षी दुपारी तीन-चारच्या सुमारास पटापट पडतात. मरतात तेही चांगल्या वजनाचेच! खाल्लेल्याची उष्णता काही तासांनी चढते, म्हणून ऊन चढल्यावर फीडर उचलून उपयोग नाही. सकाळी नऊ-दहालाच वर घ्या, संध्याकाळी पाचला सोडा, रात्री दिवा ठेवून खाऊ द्या. पक्ष्यामागं १.२ चौरस फूट जागा ठेवा. पत्र्यावरची काळी टाकी गोणपाटानं झाका, कारण गरम पाणी कोंबडी पीत नाही. पाण्याचं धुकं फवारणारा फॉगर कोरड्या हवेत काम करतो. कृष्णाकाठी वळिवानंतरच्या दमट हवेत पंख्याशिवाय फॉगर लावला तर उलट गुदमरतात.

थंडीत दुसरं दुखणं, पोटात पाणी. निवडीनं छातीचं मांस वाढलं, पण हृदय-फुप्फुस त्या मानानं तोकडं पडलं. वाई-जावळीकडं गारठ्यात पडदे गच्च बांधले की अमोनिया साचतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. पडदा वरून खाली उघडणारा हवा. वरची फूटभर फट रात्रीही राहू द्या.

छातीचं मांस लाकडासारखं कडक होण्याचा जो बोभाटा परदेशात आहे, तो मुख्यतः तीन किलोपुढच्या पक्ष्यांचा. आपल्याकडं दोन किलोच्या आसपास जिवंत विक्री होते, त्यामुळं त्याची झळ कमी.

मग ही वाढ थांबणार कुठं? दीड किलो खाद्यात एक किलो वजन म्हणजे कमाल झाली असं वाटतं, पण त्या किलोत दोन तृतीयांश पाणीच असतं. कोरड्या हिशोबानं सव्वा किलोच्या वर खाद्यातून जेमतेम चौथा हिस्सा अंगी लागतो. म्हणजे वाव अजून आहे. अडचण दुसरीकडं आहे. पक्ष्याला नुसतं जगायलाही खाद्य लागतं, तेवढा खर्च जातीनं शून्यावर येत नाही. शिवाय जातीत भूक एवढी भिनलीय, की आई-बापांच्या कळपाला मोजूनच खाद्य द्यावं लागतं, नाहीतर मादी लठ्ठ होऊन अंडी घटतात. म्हणून आता मूळ जातीच्या पक्ष्यांच्या पायांचे क्ष-किरण आणि रक्तातला ऑक्सिजन तपासूनच निवड होते. तिथं झालेली सुधारणा आपल्या शेडपर्यंत यायला चारेक वर्षं जातात.

ब्रॉयलरच्या नर-माद्या राखून पैदास करू पाहणाऱ्यांनी तो नाद सोडावा. हा चार ओळींचा संकर आहे, पुढची पिढी एकसारखी निघत नाही.

वाढीला पाचपैकी पाच, पायाला साडेतीन, उन्हाला दोन. उघड्या शेडवाल्यांनी मे महिन्यातली बॅच विरळ टाकावी आणि १.८ किलोला उचलायचं कंपनीशी आधीच बोलून ठेवावं. उरलेल्या दोनशे ग्रॅमच्या लोभात अख्खा पक्षी जातो.