फिनिक्सची रिलोकेशन सेवा : घरे दाखवली, उन्हाळा नाही

अमेरिकेतील मोठ्या कंपन्या दुसऱ्या शहरातली नोकरी देऊ करताना पुष्कळदा एखाद्या रिलोकेशन संस्थेची सेवाही देतात. होकार कळवण्यापूर्वी उमेदवाराला आणि त्याच्या कुटुंबाला ते शहर फिरवून दाखवायचे, भाडी, शाळा आणि रस्ते यांची कल्पना द्यायची, असे या सेवेचे स्वरूप असते. न्यू जर्सी सोडून ॲरिझोनातील फिनिक्स महानगरात, नेमके सांगायचे तर चँडलरला, जावे की नाही हे ठरवताना आम्ही ही सेवा फेब्रुवारीत घेतली. खर्च नव्या कंपनीचा होता. संस्थेचे नाव देत नाही, कारण माझा आक्षेप तिच्या माणसांवर नसून सेवेच्या रचनेवर आहे.

माणसे खरोखरच चांगली होती. आमच्याबरोबर फिरलेल्या सल्लागार बाई अनेक वर्षे तिथेच राहिलेल्या असल्याने त्यांना प्रत्येक वस्तीची नस ठाऊक होती. चँडलर, गिलबर्ट, टेम्पी आणि अवाटुकी या भागांतील भाड्यांचा फरक त्यांनी घरे दाखवतच समजावला. राहत्या हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेतही जागा असल्यास प्रवेश मिळू शकतो आणि चँडलरमधील शाळा जुलैच्या अखेरीसच सुरू होतात, हे त्यांनी न विचारता सांगितले. मुलांच्या प्रवेशासाठी सप्टेंबरचा हिशेब धरून बसलेल्या न्यू जर्सीकरांना ही माहिती फार मोलाची आहे. लाइट रेल ही शहरी रेल्वे फिनिक्स, टेम्पी आणि मेसा या शहरांतून धावते, चँडलरपर्यंत येत नाही, तेव्हा दोन गाड्या लागतीलच, हेही त्यांनी स्पष्ट केले. इंटेलचे चिपचे कारखाने चँडलरमध्ये १९८० पासून आहेत, तर तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीचा नवा कारखाना फिनिक्सच्या उत्तर टोकाला, तिथून चाळीस मैलांहून दूर आहे. पुढेमागे एकातून दुसऱ्यात जाण्याचा विचार असेल तर घर कुठे घ्यावे, याचे त्यांनी केलेले विवेचन कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक होते.

परंतु कुठे राहावे हा आमचा दुसरा प्रश्न होता. यावे की नाही, हा पहिला. आणि त्याचे उत्तर फेब्रुवारीतल्या फिनिक्समध्ये मिळत नाही. दुपारचे तापमान बाविसाच्या आसपास, अंगणोअंगणी फळांनी लगडलेली संत्र्याची झाडे आणि मागे न्यू जर्सीत बर्फ, अशा हवेत कोणताही माणूस होकारच देईल.

माझे माहेर नागपूरचे, त्यामुळे पंचेचाळीस अंशांच्या आकड्याने मी घाबरत नाही. मात्र नागपूरचा ताप मृग लागेपर्यंतचा असतो, आणि पाऊस आला की तो उतरतो. फिनिक्समध्ये २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस दुपारचा कमाल पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली राहिला नाही. त्याहूनही बोलका आकडा रात्रीचा आहे : त्याच जुलैत सलग १६ दिवस किमान तापमानसुद्धा ३२ सेल्सिअसच्या खाली गेले नाही. पुढच्याच वर्षी दुपारी ३८ सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाचे सलग ११३ दिवस नोंदले गेले. तिथेही मॉन्सून म्हणतात तो १५ जून ते ३० सप्टेंबरचा ऋतू आहे, पण वर्षाचा सगळा पाऊस मिळून साधारण १८० मिलिमीटर, आणि त्याच्या आधी आकाशाला भिडणारी धुळीची भिंत येते. आपल्याकडचा कूलर कोरड्या जूनमध्ये तिथेही चालतो, हवेत दमटपणा आला की कुचकामी ठरतो.

म्हणूनच तिथे घर पाहताना पहिला प्रश्न एसीचा हवा. फिनिक्स आणि चँडलर ज्या जिल्ह्यात येतात त्या मॅरिकोपा काउंटीत २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघरांचे प्रमाण मोठे होते, पण जे घरात दगावले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरातला एसी बंद पडलेला होता. संस्थेने दिलेल्या प्रत्येक घराच्या तक्त्यात ग्रॅनाइटच्या ओट्याची आणि पोहण्याच्या तलावाची नोंद होती, एसी किती वर्षांचा आहे याची नव्हती. पश्चिमेला मोठ्या खिडक्या असलेले घर टाळा, असे सल्लागार बाई जाता जाता म्हणाल्या. तक्त्यात मात्र दिशेचा रकानाच नाही. भाड्याच्या घरातील एसीने खोल्या ८२ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २८ सेल्सिअसपर्यंत थंड करता आल्या पाहिजेत, असा फिनिक्स शहराचा नियम आहे. तो मी स्वतः शोधून वाचला.

विजेच्या खर्चासाठी तक्त्यात बारा महिन्यांची सरासरी दिली होती. वाळवंटातल्या शहरात सरासरी हा आकडाच दिशाभूल करणारा आहे, कारण तिथले पैसे जून ते सप्टेंबर जातात. शिवाय वेळेनुसार बदलणारे दर आहेत : एपीएस या वीज कंपनीच्या अशा योजनेत कामाच्या दिवशी दुपारी चार ते सात वीज सर्वांत महाग, म्हणजे मुले घरी परततात आणि भिंती तापलेल्या असतात नेमकी तीच वेळ.

पाण्याविषयी विचारले तेव्हा 'काळजीचे कारण नाही' एवढेच उत्तर मिळाले. हे अर्धे खरे आहे. चँडलर शहराकडे शंभर वर्षांच्या पाण्याची सरकारमान्य हमी आहे. पण या खोऱ्यात कोलोरॅडो नदीचे पाणी ३३६ मैलांच्या कालव्याने येते, त्या नदीवर पहिली अधिकृत टंचाई २०२२ सालासाठी जाहीर झाली, आणि जून २०२३ मध्ये राज्याने केवळ भूजलावर विसंबून असलेल्या नव्या वसाहतींना मंजुरी देणे थांबवले. महानगराच्या कडेच्या बकाय किंवा क्वीन क्रीक या गावांत स्वस्त नवे घर घेऊ पाहणाऱ्याला हे सांगायलाच हवे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या माहितीपत्रकात असती तर आम्ही लवकर विरघळलो असतो. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ पुढे-मागे करत नाही, त्यामुळे भारताशी फरक बारमाही साडेबारा तासांचा राहतो. सकाळी सातला फोन लावला की आईकडे संध्याकाळचे साडेसात.

पुन्हा जुलैमध्ये दोन दिवस दाखवा, अशी विनंती आम्ही केली. एका उमेदवाराला एकच भेट, असे उत्तर आले. अखेर गिलबर्टमधील एका मराठी कुटुंबाने आपली वर्षभराची वीजबिले पाठवली आणि दुपारी दोनला मुलांना कुठे नेता येते याचे खरे उत्तर दिले : ग्रंथालयात, मॉलमध्ये, नाहीतर गाडीने फ्लॅगस्टाफच्या डोंगरात. त्या बोलण्यानंतर आम्ही होकार दिला, तोही एका वर्षाच्या भाडेकरारापुरता, आणि घरमालकाकडून एसीचे वय व शेवटच्या दुरुस्तीची तारीख करारात लिहून घेऊन.

आधीच ठरवून आलेल्यांसाठी ही सेवा उत्तम आहे. त्यांनी ती डोळे मिटून घ्यावी. ज्यांचे ठरायचे आहे त्यांनी कंपनीला भेट उन्हाळ्यात ठेवायला सांगावे, आणि ते जमत नसेल तर तेवढी रक्कम रोख मागून जुलैमधले तिकीट स्वतः काढावे. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, आणि ते तिन्ही तारे सल्लागार बाईंना.