सांगलीतली सरकारी पूरमदत: उशिरा येणारी सेवा, पाचपैकी दीड तारा

2005, 2019 आणि 2021. तीन मोठे पूर झाल्यावर या सेवेबद्दल मत द्यायला सांगलीकरांना कुणाची परवानगी लागू नये. सरकार बदललं, पालकमंत्री बदलले, सेवेची पद्धत जवळपास तीच राहिली. मुख्य दोष रकमेत नाही, वेळेत आहे. कृष्णेचं पाणी 35 फुटांवर असतं तेव्हा गरज असते आणि पुढारी 50 फुटांच्या पुढे उगवतात.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पण सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर भागात 40 व्हायच्या आतच पाणी घरात असतं. म्हणजे अधिकृत इशारा येतो तेव्हा तिथल्या बायाबापड्या गाद्या डोक्यावर घेऊन बाहेर पडलेल्या असतात. त्या वेळी लागतं काय? टेम्पो आणि ट्रॅक्टर, निवाऱ्यासाठी ठरलेल्या शाळेची किल्ली, जनावरांना उंचावर जागा आणि वैरण. हे सगळं मे महिन्यात कागदावर ठरवता येतं. बैठक होतेही, फोटो छापून येतो, किल्ली कुणाकडे आहे ते मात्र ऑगस्टमध्ये शोधावं लागतं.

सूचनांचा दर्जाही सुमार. 'कोयनेतून इतके क्युसेक सोडले' हे ऐकून गल्लीतल्या माणसाला काही कळत नाही. सांगलीत फक्त कोयनेचं पाणी येत नाही. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचा विसर्ग आणि धरणांच्या खालच्या भागातला पाऊस त्यात मिसळतो. शिवाय हरिपूरला वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही, पाणी मागे तुंबतं. लोकांना हवं असतं ते एवढंच, की आयर्विनला अमुक फूट झालं की अमुक चौक बंद. महापालिकेकडे जुन्या पुरांच्या खुणा आहेत. त्यावरून हा तक्ता बनवून घराघरात वाटणं निवडणुकीच्या चिठ्ठ्या वाटण्याइतकंच सोपं आहे.

बोटींबद्दल. 8 ऑगस्ट 2019ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते, कारण दुसरी बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. गावाला नुसती बोट देऊन भागत नाही. प्रत्येकाला जॅकेट, दोन शिकलेले चालक, वल्ही, दोर, जादा इंधन आणि पावसाआधी इंजिन चालवून बघणं, एवढं तरी लागतं. रबरी बोट कुंपणाच्या तारेला आणि पत्र्याच्या कडेला फाटते, इंजिनाचा पंखा ऊस, फांद्या आणि बुडालेल्या केबलींत अडकतो. वस्तीत फायबरची बोट बरी. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती दलाची, पथकं पुण्याहून येईपर्यंत रस्ते पाण्याखाली जाऊ शकतात. त्याच आठवड्यात तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांचा बोटीतून हसत हात हलवतानाचा व्हिडिओ राज्यभर फिरला. बोट मात्र उत्तम स्थितीत दिसत होती.

आता पाणी उतरल्यानंतरची सेवा. 2019च्या शासन निर्णयात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ मोफत, अशी अट होती. गव्हाचं पोतं कुजायला दोन दिवस लागत नाहीत, हे मंत्रालयात कुणी सांगितलं नसावं. सानुग्रह अनुदान तेव्हा ग्रामीण भागात 10,000 आणि शहरात 15,000 रुपये कुटुंबामागे होतं. गाळ काढणं, वायरिंग, दारं-चौकटी यातच ते संपलं.

पंचनामा हा सगळ्यात नाजूक भाग. गाळ धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, मीटरचा क्रमांक आणि भिजलेलं सामान एकाच फोटोत येईल असं बघा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवा. आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि लाइट बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पावसाळाभर हाताशी ठेवा. नकार बहुतेक दोन ठिकाणी येतो. एक, भाडेकरू: पैसे घरमालकाच्या नावावर जातात, म्हणून भाडेकराराची प्रत आणि त्याच पत्त्याचा एखादा कागद हवाच. दोन, एका छपराखाली वेगळ्या चुली पण रेशन कार्ड एकच. तिथे एकच कुटुंब धरलं जातं. यादी लागली की तीत नाव बघा, नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनाची पोच मिळत नाही.

जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. वाहून गेलेल्या म्हशीचा दाखला कुठून आणायचा, याचं उत्तर प्रत्येक पुरात नव्यानं शोधलं जातं. शेतीत किमान 33 टक्के नुकसान लागतं आणि क्षेत्राचीही मर्यादा असते. त्यात उसाची गोम अशी, की पाणी उतरल्यावर तो हिरवाच दिसतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळ बसला की शेंडा कुजतो आणि कांडीच्या डोळ्यांतून पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, पण हे दिसायला काही दिवस जातात. घाईच्या पंचनाम्यात असा ऊस 'बरा' म्हणून सुटतो. कृषी सहायकासमोर पोंगा उपटून दाखवा.

राहिला अलमट्टीचा, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाचा विषय. पूर आला की सगळ्या पक्षांचे लोक कर्नाटकाकडे बोट दाखवतात. 2019च्या पुरानंतर राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं. अलमट्टीची उंची वाढवण्याला विरोध जरूर करावा, पण ओढे-नाल्यांवरची बांधकामं कर्नाटकानं मंजूर केलेली नाहीत. निळ्या पूररेषेच्या (जिच्या आत बांधकामाला मनाई असते) आतल्या प्लॉटिंगवर तक्रार करायची तर अर्ज महापालिकेच्या नगररचना विभागात जातो. सोबत गट क्रमांक आणि जागेचा फोटो जोडावा.

अर्धा तारा तलाठी आणि सफाई कामगारांचा. उरलेला एक वेळेवर पोचलेल्या जवानांचा.