सिंगल हेड मशीन आणि लोकरीच्या टोप्या: आठ महिने वापरल्यावर

भरतकामाची (एम्ब्रॉयडरी) मशीन घेतली ती टी-शर्टसाठी. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे युनिफॉर्म, शाळांचे बॅज, एवढाच हिशोब. एक हेड, म्हणजे एका वेळी एकच नग; पंधरा सुया, सोबत कॅप फ्रेम. ऑगस्टमध्ये सिडकोतल्या गाळ्यात बसवली. दिवाळी उलटली, निफाडचा पारा पेपरात यायला लागला आणि एका सायकल ग्रुपची ऑर्डर आली: साठ लोकरी टोप्या, कड दुमडलेल्या, समोर लोगो. टी-शर्टवर मशीन झकास चालते, त्याबद्दल वेगळं काही लिहायला नको. टोप्यांनी मात्र घाम काढला.

सोबतची कॅप फ्रेम इथे कामाची नाही. ती पुढून कडक असलेल्या, शिवलेल्या कॅपसाठी. साध्या गोल फ्रेममध्ये टोपी आवळली की विणीच्या रेघा ताणून उघडतात, फ्रेम काढली की परत मिटतात आणि लोगो आक्रसतो. पहिल्या तीन टोप्यांवर सायकलचं चाक अंड्यासारखं झालं.

शेवटी जमलं ते असं. फ्रेममध्ये टोपी घालायचीच नाही, नुसता कट-अवे पेपर (कडेने कापायचा, टाक्यांमागे कायम राहणारा आधार) आवळायचा. त्यावर स्प्रे गम मारून टोपी तळहाताने थोपटत बसवायची, ओढायची नाही. वर पाण्यात विरघळणारी फिल्म हवीच, नाहीतर टाके लोकरीत बुडतात आणि अक्षरं दिसेनाशी होतात. मशीन देणाऱ्याने नमुना म्हणून टेअर-अवे पेपर दिला होता. तो टोपीला चालत नाही. फाडून काढला की ताणणाऱ्या विणीला मागून आधारच उरत नाही.

सुई ७५/११ बॉलपॉइंट. टोकदार सुईने विणीचा धागा तुटतो आणि मग उसवत जातो. धागा नेहमीचाच, १२०/२ पॉलिस्टर. डबल अंडरले, म्हणजे डिझाईनखालच्या आधाराच्या टाक्यांचे दोन थर, मात्र पंचिंगवाल्याकडून (डिझाईनची मशीनसाठी फाइल बनवणाऱ्याकडून) आग्रहाने करून घ्या. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं मी घेतच नाही. साहेब लोकांना लोगोखालची ओळही टोपीवर हवी असते. एक नमुना काढून दाखवला की स्वतःच म्हणतात, ‘राहू द्या मॅडम.’

आता माझी फजिती. मशीनच्या दांड्यावर टोपी चढवली की तिचं तोंड मागे, मशीनकडे जातं. म्हणून साध्या टोपीसाठी डिझाईन १८० अंश फिरवायचं, हे डोक्यात पक्कं. दुमडीच्या टोपीचं गणित वेगळं. दुमड वर घेतल्यावर आतली बाजू बाहेर येते आणि तोंडाची कड वर जाते. म्हणजे टोपी उलटी करून, दुमड उघडून चढवायची आणि डिझाईन सरळच ठेवायचं. मी सवयीने फिरवलं. चार टोप्या झाल्यावर एक दुमडून बघितली तर चाकं वर, माणूस खाली! त्या चारही घरात वाटल्या. सासरे त्यातली एक घालून रोज सकाळी गोदाकाठी फिरतात. कुणी विचारलं तर सांगतात, ‘सूनबाईंचं नवं डिझाईन.’

दुमडीचा एक फायदाही आहे. लोगोची मागची बाजू दोन थरांमध्ये दडते, कपाळाला टोचत नाही. साध्या टोपीला आतून मऊ अस्तर चिकटवावं लागतं, तेही हलक्या इस्त्रीने, कारण बाजारातली बहुतेक ‘लोकर’ ॲक्रेलिक असते आणि गरम इस्त्रीखाली चपटी होऊन चकाकते.

मशीनवर वेग मिनिटाला १२०० टाके लिहिलाय. टोप्यांसाठी मी ६०० च्या वर नेत नाही. सहा हजार टाक्यांच्या लोगोला दहा मिनिटं, शिवाय रंग बदलणं आणि फिल्म काढणं. साठ टोप्यांना अडीच दिवस गेले.

डिसेंबरमध्ये वेगळी मॅग्नेटिक फ्रेम घेतली. पेपर लावणं पटकन होतं, मनगट दुखत नाही. पण चुंबक जबर आहेत, दोनदा बोट चेमटलं. पेसमेकर असलेल्यांनी लांबच राहावं.

तक्रारी दोनच. लाइट गेल्यावर मशीन त्याच टाक्यावरून सुरू होते म्हणतात. होते, पण माझ्याकडे दोनदा केसभर सरकली आणि दोन्ही टोप्या वाया गेल्या. आता यूपीएस आहे. दुसरी तक्रार मशीनची नाही, पावसाची: ऑगस्टमध्ये फिल्मचा रोल उघडा राहिला, दमट हवेने चिकट होऊन गोळा झाला. नवा रोल फरसाणाच्या हवाबंद डब्यात ठेवलाय, आणि डब्यावर ‘खाऊ नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय.